गरम मुठींचा खटका

२९ नोव्हेंबर

कानटोपी शोधताना मुलाच्या, इंद्रजितच्या, कपाटात एक खोकं सापडलं. आत मोटारसायकलच्या हँडलवर चढवायच्या दोन काळ्या मुठी, त्यांतून निघालेल्या वायरी आणि एक छोटं बटण. वीज दिली की या मुठी तापतात. थंडीसाठी त्यानं मागवल्या असणार. थंडी यायच्या आधीच, सप्टेंबरात, काविळीनं तो गेला.

खोकं परत ठेवलं. मग पुन्हा काढलं.

त्याचं काम आता सूनबाई करते. संध्याकाळच्या दुधाचा खवा भट्टीवर आटतो, पहाटे शिवांजली पाट्या गाडीवर बांधते आणि ईटहून भूमच्या स्टँडवर नेऊन पुण्याच्या एसटीत चढवते. परत आल्यावर तिला चहाचा कप बोटांनी धरता येत नाही, दोन तळव्यांत दाबून धरते. आज तो सुटला. माझी बायको सारजा खाली बसून तुकडे वेचत होती. शिवांजली आपल्या बोटांकडे ती दुसऱ्या कुणाची असावीत तशी बघत होती.

मुठी बसवायच्या.

२ डिसेंबर

श्रीनाथ येऊन गेला. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, त्याचीही खव्याची भट्टी आहे. म्हणाला, तात्या, वर्ष होईपर्यंत वहिनींनी पहाटेचं बाहेर पडू नये असं भावकीत बोललं जातंय, तोवर तुमचा खवा माझ्या गाडीवर जाऊ द्या. आवाज मऊ होता. मऊ आवाजांशीच मी आयुष्यभर भांडत आलो. विधवेचं तोंड सकाळी दिसू नये, असं आता कुणी उघड म्हणत नाही. काळजीचे कपडे घालून तोच विचार दारात येऊन उभा राहतो. आज पाट्या त्याच्या गाडीवर गेल्या की उद्या भट्टी त्याची, आणि परवा ही पोर माहेरी. मी सांगितलं, स्मशानात मी जे बोललो ते पुन्हा ऐकायचं असेल तर बस.

तो बसला नाही.

स्मशानात मी बराच वेळ बोललो होतो. बांगड्या फुटणार नाहीत. कुंकू पुसलं जाणार नाही. घरी बायका गोल बसून गळा काढणार नाहीत, तेरावा होणार नाही. एकेक वाक्य जागच्या जागी पडलं. अजून लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, सर, काळीज दगडाचं करून बोललात. मला काहीच करावं लागलं नव्हतं.

५ डिसेंबर

धुळाप्पाच्या गॅरेजात सकाळ गेली. हा उमरग्याकडचा, बायकोच्या गावी येऊन स्थिरावलेला. शिवांजलीला सोबत नेलं होतं. मुठी बसवणं सोपं आहे, प्रश्न खटक्याचा आहे.

खोक्यातलं बटण मऊ रबराचं. एकदा दाबलं की हिरवा दिवा, पुन्हा दाबलं की लाल. शिवांजलीनं हातमोजा घालून दाबून पाहिलं. "मामा, हे डोळ्याला कळतंय, हाताला कळत न्हाई," ती म्हणाली. "अंधारात मी खड्डे बघू का दिवा बघू?"

धुळाप्पानं हॉर्नसारखं दाबायचं दुसरं काढलं. ते हॉर्नला इतकं चिकटून बसत होतं की समोरून ट्रक आला असता आणि हिनं मुठी तापवल्या असत्या. यावर तो हसला, शिवांजलीही हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मला ते हसणं नोंदवण्यासारखं वाटलं, म्हणून नोंदवतो.

शेवटी ट्रॅक्टरच्या दिव्यांना असतो तसला, लोखंडी दांडीचा खटका घेतला. तीन ठिकाणी थांबतो. वर केला की जास्त ऊब, खाली केला की कमी, मधे बंद. प्रत्येक ठिकाणी टक्क आवाज करतो. चालू आहे की बंद, हे मोज्यातल्या गारठलेल्या अंगठ्यालाही कळतं. माणसाची भूमिका अशीच असावी, असं वाक्य सुचलं. वर्षापूर्वी हे वाक्य मी एखाद्या व्यासपीठावर पेटवलं असतं. आज वहीत लिहिलं आणि पुढच्या कामाला लागलो.

७ डिसेंबर

मुठी बसल्या.

उजवा हात एक्सलेटरवर गुंतलेला असतो, तेव्हा खटका डावीकडे. धुळाप्पानं पत्र्याची पट्टी काटकोनात वाकवली, एका टोकाला भोक पाडून ती आरशाच्या नटाखाली आवळली, दुसऱ्या टोकात खटका बसवला. पहिल्यांदा हँडल पूर्ण वळवलं की दांडी टाकीला लागत होती. पट्टी थोडी वर उचलून घेतली. दव आत जाऊ नये म्हणून दांडीवर रबरी टोपी. मग शिवांजलीला बसवून डोळे मिटायला सांगितले. मूठ न सोडता अंगठा सरळ खटक्यावर गेला.

वायर कुठून घ्यायची यावर वाद झाला. धुळाप्पाचं म्हणणं, करंट चावीमागून घेऊ, मधे रिले टाकू. चावी बंद की मुठी बंद. मी म्हणालो, थेट बॅटरीवरून घे. ती पाट्या बांधते तेवढ्यात, चावी लावायच्या आधीच, मुठी तापलेल्या पाहिजेत. तिचा हात गार मुठीवर पडायचाच नाही. तो म्हणाला, "सर, नव्या गाड्यांचं असंय, बॅटरी बसली की किक मारून बी उपयोग न्हाय." मी सांगितलं की आमच्या घरातली माणसं खटका बंद करायला विसरत नाहीत. त्यानं मान हलवली, एक फ्यूज टाकला आणि थेट जोडून दिलं.

जुन्या मुठींची रबरं पात्यानं उभी चिरून काढावी लागली. डाव्या मुठीला अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. दोन्ही तिथंच मातीत टाकल्या. मी खटक्याच्या नटाकडे बघत होतो.

घरी आल्यावर सारजानं विचारलं, जुन्या मुठी कुठं आहेत. गॅरेजात टाकल्या म्हणालो. तिनं पायात चपला घातल्या आणि बाहेर पडली. ती हल्ली घराबाहेर पडत नाही. सुधारणा म्हणायची.

८ डिसेंबर

शिवांजलीनं आल्या आल्या कपाचा कान बोटांनी धरून चहा प्यायला.

सारजानं दुपारी विचारलं, त्या खरंच तापतात का. शेडमध्ये गाडी असते, तिथं नेऊन दाखवलं. खटका वर कर, जरा थांब, हात ठेव. तिनं ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. चटका बसण्याइतक्या त्या तापत नाहीत.

"व्हय," म्हणाली आणि आत गेली.

११ डिसेंबर

लिहिण्यासारखं नाही. शिवांजली रोज संध्याकाळी गाडी काढून फाट्यापर्यंत जाऊन येते. काम काय ते विचारलं नाही. तरुण माणसानं मोकळ्या हवेत जावं. सारजाच्या उशाखाली काहीतरी काळं, वळकटीसारखं दिसलं. विचारायचं राहिलं.

१४ डिसेंबर

धाराशिवला व्याख्यान. विषय जुनाच, स्त्री आणि रूढी. सभागृह भरलेलं होतं. टाळ्या झाल्या, दोनदा मधे आणि एकदा शेवटी. काय बोललो ते आठवत नाही. पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या मफलरचा रंग आठवतो. पोपटी.

१७ डिसेंबर

गाडी सुरू झाली नाही.

शिवांजलीनं पाट्या बांधल्या, चावी फिरवली, नुसतं टिकटिक झालं. किका मारल्या. मी मारल्या. खटका पाहिला तर मधोमध, बंद. काल दिवसभर ती बचत गटाच्या बैठकीला भूमला गेली होती, जीपनं. गाडी शेडमध्येच होती. मग बॅटरी बसली कशी?

तेवढ्यात श्रीनाथ आपली गाडी घेऊन दारात. म्हणाला, वहिनी, द्या इकडं. पाट्या त्याच्या गाडीवर चढल्या आणि एसटी मिळाली. शिवांजलीनं त्याचे आभार मानले.

मी मानले नाहीत. आमची गाडी बंद पडली हे त्याला इतक्या लवकर कसं कळलं? तयार होऊन कसा आला?

धुळाप्पाच्या मते खटक्यात दव शिरलं. त्यानं बंद आवरणाचा दुसरा खटका बसवला, तसाच तीन जागांचा. बॅटरी भरून दिली.

२३ डिसेंबर

पुन्हा तेच.

काल शिवांजली माहेरी माकणीला गेली होती, दिवेलागणीनंतर आली. आज पहाटे टिकटिक. खटका बंद. आणि पुन्हा श्रीनाथ दारात, गाडी चालू ठेवून उभा.

मी पाट्यांना हात लावू दिला नाही. शिवांजली म्हणत होती, मामा, एसटी जाईल, नंतर बोला. मी ऐकलं नाही. एसटी गेली.

नऊच्या सुमारास पुण्याच्या दुकानदाराचा फोन आला. सणाच्या ऑर्डरी आहेत, पुन्हा खवा चुकला तर दुसऱ्या भट्टीकडून घेणार. दुसरी भट्टी म्हणजे कुणाची, हे त्यानं सांगायची गरज नव्हती. शिवांजलीनं फोन ठेवला. मला म्हणाली, आणखी एकदा असं झालं की माझ्याकडं सांगायला काही राहणार न्हाई, सगळे म्हणतील झेपत नव्हतं.

मी सरळ पारावर गेलो. दूध घालून परतणारी माणसं तिथं चहाला थांबतात. श्रीनाथही होता. कित्येक दिवसांनी शब्द आपोआप आले. एका बाईचं पोट मारायला अंधारात वायरी सोडवणारे हात, असं म्हणालो. रूढी हरली की ती पाना-पक्कड घेऊन येते, असंही म्हणालो. वाक्यं चांगली होती. ती चांगली आहेत हे बोलतानाच मला कळत होतं, आणि त्यापलीकडे काही कळत नव्हतं.

श्रीनाथनं कप खाली ठेवला. "तात्या, हितं माईक न्हाय," म्हणाला. "मी हितंच आहे. हळू बोललात तरी ऐकू येतंय."

कुणीतरी हसलं. तो उठून गेला. पारावर कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

२६ डिसेंबर

पकडायचं ठरवलं होतं. बॅटरी पुन्हा भरून आणली. दुपारी शिवांजली दुधाचा हिशोब करायला डेअरीवर गेली. भट्टी थंड असते, घर पेंगतं, कुणी येणार असेल तर याच वेळी. शेडमध्ये सरपणामागं बाज टाकली आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो.

मागचं दार वाजलं. सारजा आली.

तिनं पदर कमरेला खोचला. गाडीसमोर उभी राहिली, चाक दोन पायांच्या मधे घेऊन, म्हणजे गाडीवर बसलेल्या माणसाच्या समोर उभं राहावं तशी. खटका वर केला. टक्क आवाज मला ऐकू आला. मग दोन्ही हातांनी दोन्ही मुठी धरल्या आणि उभी राहिली.

मी वाट बघितली. ती हलत नव्हती. उन्हाची तिरीप तिच्या पायांवरून सरपणापर्यंत आली. घाम आला होता तिला. एकदा तिनं अंगठ्यानं डावी मूठ घासली, लहान पोराचा हात पुसावा तशी.

शेवटी मी उठलो. ती दचकली नाही.

हाताला थंडी वाजते का, असं मी विचारलं. दुपारी, घाम आलेल्या बाईला.

"ऊन व्हतेत ह्या," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "त्याचे हात गार व्हते. मला धरायचे व्हते जरा, ऊन होईस्तर. तुमी तिरडी उचला म्हणालात."

खटका तिनंच मधे आणला. टक्क. आत निघून गेली.

बॅटरीचा उलगडा झाला. गाडी बंद असताना इतका वेळ मुठी तापवल्या तर एवढीशी बॅटरी बसणारच. धुळाप्पा म्हणाला होता तसा रिले टाकायला हवा.

२७ डिसेंबर

शिवांजलीला सांगितलं. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सासू आत गेली की ती गाडी काढून फाट्यापर्यंत चक्कर मारायची, बॅटरी भरावी म्हणून. ज्या दोन दिवशी ती गावात नव्हती, त्या दोन दिवशी चक्कर झाली नाही.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? मी श्रीनाथला भर पारावर नाही नाही ते बोललो, तेव्हा तरी.

ती पाट्यांची फडकी घडी करत होती. "सांगितलं असतं तर तुमी आत्यांना समजावून सांगितलं असतं, मामा," म्हणाली.

तिनं सगळ्या घड्या घातल्या आणि फडकी आत नेली.

२८ डिसेंबर

श्रीनाथकडे गेलो. मनात तीन वाक्यं जुळवली होती. त्याच्या बायकोनं, निकितानं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पहिलं वाक्य अर्ध्यावर आलं आणि पुढचं सापडेना. असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही. पाणी पुन्हा प्यायलो.

तो म्हणाला, पहाटे तुमच्या किकांचा आवाज माझ्या भट्टीपर्यंत येतो, तात्या, आणि आमच्या पाट्या पण त्याच एसटीला असतात. मी काय रात्रभर जागा होतो व्हय. मग म्हणाला, वर्षाचं बोललो ते भावकीचंच बोलणं होतं, पण ते मी तुमच्यापर्यंत आणायला नको होतं.

मी म्हणालो, पारावर जे बोललो ते पारावरच परत घेईन.

"घ्या," तो म्हणाला. "पण थोडक्यात."

निकिता आत हसली. चहा आला.

२९ डिसेंबर

पारावर गेलो. थोडक्यात बोललो. "श्रीनाथनं काही केलं नव्हतं. चूक माझी." एवढंच. माणसं पुढचं भाषण येईल म्हणून कप धरून थांबली. ते आलं नाही.

३१ डिसेंबर

धुळाप्पाकडे रिले टाकून घेतला. आता चावीशिवाय मुठी तापत नाहीत. खटका जिथल्या तिथं आहे, पण चावी नसेल तर नुसता टक्क वाजतो. शिवांजली पाट्या बांधायच्या आधी गाडी चालू करून ठेवणार. धुळाप्पानं बजावलं की गाडी नुसती जागेवर गुरगुरत ठेवली तरी बॅटरी भरत नाही, मुठी जास्त ओढतात. एक्सलेटर थोडा पिळून धरायला लागतो.

खवा रोज वेळेवर जातोय. दुकानदाराचा फोन आला होता, ऑर्डर वाढवली. शिवांजलीनं ते सांगताना कप नीट खाली ठेवला.

३ जानेवारी

परंड्याला व्याख्यान होतं. सकाळी फोन करून येत नाही म्हणालो. कारण विचारलं तर प्रकृती म्हणालो.

दुपारी मागचं दार वाजलं. मी पाठोपाठ गेलो. सारजा गाडीसमोर तशीच उभी होती. खटका वर केलेला. मुठी गार. तिला ते कळलं होतं, तरी हात तसेच ठेवले होते.

मी आत जाऊन चावी आणली. गाडीवर बसलो. तापल्या मुठीवर हात ठेव असं दोघींना सांगणारा मी, त्या तापलेल्या असताना स्वतः कधी हात लावला नव्हता, हे बसल्यावर लक्षात आलं. गाडी चालू केली. एक्सलेटर धरायला लागणार होता, म्हणून तिनं उजवी मूठ सोडली आणि मी ती घेतली. डावी तिच्याकडंच राहिली. दोन्ही हातांत.

थोड्या वेळानं ऊब आली. आधी बोटांच्या पेरांना, मग तळव्याला. माणसाच्या हाताइतकी. तेवढीच.

सारजानं गळा काढला. सप्टेंबरात घरात जो आवाज होऊ दिला नाही, तो हा. नाव घेऊन, हेल काढून, आमच्याकडच्या बायका काढतात तसा. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणी तरी बोलायचं थांबलं. शिवांजली मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी काही समजावलं नाही. एक्सलेटर सोडला असता तर बॅटरी बसून मुठी गार झाल्या असत्या. सोडला नाही.